कुलूपबंद रोटांचा तपास

माझे सासरे हिलाल आबा यांना गावानं जी नावं ठेवली, ती मी इथे लिहिणार नाही. ब्राह्मणपुरीत अजून दोन-चार म्हातारे शिल्लक आहेत, त्यांना विचारा. हसता हसता त्यांना ठसका लागेल आणि सगळं उलटंसुलटं सांगून मोकळे होतील. मी त्या घरात सून म्हणून नांदले, जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा गप्प बसले, कारण सुनेनं गप्प बसायचं असतं. आता माझे दात पडलेत, आता मला कुणाचं भय नाही.

गोष्ट एकोणीसशे छत्तीस-सदतीसची. आबा शेतकरी माणूस. कपाशी, ज्वारी, दोन बैलजोड्या आणि डोंगरसिंग नावाचा सालदार. शिक्षण मराठी चौथी. अंगानं गोल, पोट धोतराच्या बाहेर आलेलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आबांना तंबाखू नाही, पत्ते नाहीत, तमाशा नाही. एकच नाद, गुप्तहेरांच्या गोष्टींचा. शहाद्याचे कापडवाले फुलचंदशेठ त्यांचे सोबती, त्यांनाही तेच वेड. शेठजींचं वाचून झालं की पुस्तक आबांच्या बैलगाडीतून आमच्या घरी यायचं. मी मीठ आणायला सांगायची आणि हे पुस्तक घेऊन यायचे. विचारलं तर म्हणायचे, "बेटा, आठे खून व्हयेल शे, नि तुले मीठनं पडेल शे." म्हणजे इथे खून झालाय, आणि तुला मिठाची पडलीय.

त्यातही त्यांना कुठलाही खून चालत नसे. रानात झालेला खून त्यांना अळणी लागायचा. खोली आतून बंद, कडी लावलेली, खिडकीला गज आणि आत माणूस मरून पडलेला, असं काही आलं की आबा मांडी बदलून बसायचे. बैल सोडले, जेवणं झाली की दुपारी ओट्यावर वाचन. ऐकायला अर्धं गाव. पुढच्या रांगेत भटूनाना. हे आबांचे चुलतभाऊ, हयात भाऊबंदांत सगळ्यांत थोरले, मिशा मोठ्या आणि बोलणं त्याहून मोठं. बंद खोलीतला खून कुणी केला यावर भटूनानांचं उत्तर ठरलेलं होतं, भुतानं केला. आबा चिडायचे. "नाना, भूतले सुरी कसाले लागस?" म्हणायचे. आणि पुस्तकात शेवटी गुप्त दरवाजा निघाला तर मग विचारूच नका. लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत आबा धड जेवायचे नाहीत. "सुतारले बलाईसन भोक पाडेल शे! यामा डोकं कोठे लागनं?"

एकदा मी भाकरी वाढता वाढता विचारलं, की आबा, एवढं काय आहे हो त्या बंद खोलीत? तर घास तसाच हातात धरून म्हणाले, "दख बेटा. रानमा खून व्हयना ते कोनी बी करेल व्हई. बंद खोलीमा व्हयना ते घरनाच मानूस निंघस. म्हनीसन लोके कान दीसन आयकतस." मला तेव्हा ते पटलं नाही. मला वाटलं, रिकामटेकड्यांचे उद्योग, दुसरं काय.

आमच्या घरच्या किल्ल्या होत्या मोठ्या मायकडे. मोठी माय म्हणजे जमनाबाई, आबांच्या थोरल्या भावाची विधवा बायको. घराचा कारभार तिच्या हातात. अंगानं काटकुळी, पण तिचा आवाज नदीवर जाऊन यायचा. कमरेच्या दोरीला देवाच्या खोलीची पितळी किल्ली, ती आंघोळीलाही सुटत नसे. आबांच्या पुस्तकांना ती 'मेल्या मुडद्यांचं पुराण' म्हणायची आणि वाचनाच्या वेळी मुद्दाम ओट्याशेजारी धुणं आपटायची. तिची एकुलती एक मुलगी गजराताई, त्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, सातवा महिना.

आणि श्रावणात कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांना सांगते, कानबाई ही आमची घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात मांडायची आणि सोमवारी नाचत-गात नदीवर बोळवायची. घरातल्या पुरुषांच्या संख्येनं गहू मोजायचे, जात्यावर दळायचे, त्या पिठाचे रोट करायचे. ते रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. उरलेले देवाच्या खोलीत ठेवून पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्या कुळाच्या तोंडी तुकडा गेला की देवी कोपली म्हणून समजा. आता यातली गंमत ऐका. सून रोट खाऊ शकते, कारण ती कुळात आली. लेक खाऊ शकत नाही, कारण ती कुळातून गेली. म्हणजे परवा आलेली मी ताटभर रोट खाणार आणि त्या घरात जन्मलेली गजराताई नुसता वास घेणार. मला तेव्हाही याचा राग यायचा, आजही येतो.

गजराताईला त्या वासानं वेड लावलं होतं. पोटुशी बाई, तिला डोहाळे लागले ते नेमके रोटांचे. रविवारी चुलीपाशी बसून ती हळूच म्हणाली, "माय, एक तुकडा." मोठ्या मायनं तिला असं झापलं की ताई रडत उठून गेली. मला वाटलं, विषय संपला.

बुधवारी सकाळी भटूनाना त्यांच्या वाट्याचे उरलेले रोट न्यायला आले. मोठ्या मायनं कुलूप काढलं, टोपली बाहेर आणली, वरचं फडकं उचललं. टोपली अर्धीसुद्धा नव्हती. नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि इथे कोण आलं होतं ते विचारलं, "जमनावहिनी, आठे कोन उंतं?"

मोठी माय पटकन म्हणाली, "कोनी नई. सोमवारपासीन मी कुलूप उघाडंच नई. किल्ली मन्ही कंबरले शे."

झालं. खोली कुलपानं बंद झाली नव्हती, ती या वाक्यानं बंद झाली. आता 'मी खाल्ले' म्हणायची सोय उरली नाही, मलाही नाही आणि तिलाही नाही. दार एक, कुलूप एक, किल्ली एक. वर धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी एक भोक होतं, त्याला आम्ही साणं म्हणतो. पण पावसाळ्यात त्यावर मातीचं कुंडं पालथं घातलेलं असे.

तासाभरात ओट्यावर माणसं जमली. नाना आधी सवयीनं भूत म्हणाले. मग त्यांची नजर दारामागे उभ्या असलेल्या गजराताईकडे गेली आणि तिथेच थांबली. घरात परक्या कुळाचं माणूस ते एकच होतं. नानांनी निवाडा दिला. पुन्हा नारळ मांडायचा आणि गजरानं त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, की मी रोट खाल्ले नाहीत. खाल्ले असतील तर तिच्या सासरी निरोप धाडायचा आणि देवीची फेड करायची.

गजराताईचा चेहरा पांढराफटक पडला. बायकांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोटात सात महिन्यांचं मूल घेऊन देवीवर हात ठेवायचा. उद्या त्या मुलाला साधा ताप आला तरी सासरची माणसं काय म्हणणार, हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. जन्मभर ते पोर देवीच्या कोपाचं म्हणून वाढलं असतं.

"थांब नाना," आबा म्हणाले. "आधी तपास व्हई, मंग शपथ."

आणि खोटं कशाला बोलू, आबा खूश होते. वीस वर्षं पुस्तकातल्या खोल्या उघडल्या, आता खुद्द घरात एक बंद खोली चालून आलेली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. चष्मा पुसला, धोतराचा काचा मारला, आणि सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थांबवून फक्त मला कंदील धरायला आत घेतलं. कुलूप नाकाशी धरून हुंगलं. भिंती बोटांनी वाजवल्या. जमिनीवर राख पसरून पावलं शोधली, तेव्हा त्यांची स्वतःचीच सापडली. डोंगरसिंगला धाब्यावर चढवून कुंडं जागेवर आहे का ते विचारलं. तो वरून म्हणाला, आहे. "उंदीर नई," आबा माझ्या कानात म्हणाले, "उंदीर चुरा पाडस." त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. बाहेर पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि हे कुलूप हुंगत होते.

मग कंदिलाचा उजेड कोपऱ्यात पडला. तिथे पाट मांडलेला होता. पाटामागे भिंतीला टेकवून एक गोधडी, घडी घातलेली.

देवाच्या खोलीत कुणी टेकून बसत नाही. आमच्या घरात त्या दिवसांत टेकल्याशिवाय एकाच माणसाला बसवत नव्हतं, गजराताईची कंबर धरलेली होती. आणि चोराला कुणी पाट मांडून देत नाही. पाट मांडणारीनंच कुलूप काढलं होतं. मला हे कळलं तेव्हाच आबांनाही कळलं. त्यांनी चष्मा काढला. मी दाराकडे पाहिलं, मोठी माय खाली मान घालून उंबऱ्याशी उभी होती. नदीवर जाऊन येणारा तो आवाज, पण त्या सकाळपासून तिनं एक शिवी दिली नव्हती.

आबांनी पाट भिंतीला उभा केला, गोधडी माझ्या हातात दिली आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, "ले, धुवाले टाक. इले ओल लागनी."

ओट्यावर येऊन ते बसले. सगळे पुढे सरकले. "चोर सापडना," आबा म्हणाले.

"कोन?" नानांनी विचारलं.

"मी."

लोकांना आधी हसू आलं. नानांना आलं नाही. आबा कुळातले, त्यांनी खाल्ले तर देवी कोपायचं कारण नाही, फार तर हावरेपणा. नाना डोळे बारीक करून म्हणाले, "किल्ली ते वहिनीना कंबरले व्हती. तू मझार कसा गया?"

आता आली पंचाईत. आबांना आता खोलीत शिरायची युक्ती पाहिजे होती आणि तीही बसल्या जागी. ज्या माणसानं आयुष्यभर गुप्त दरवाजेवाल्या लेखकांना शिव्या दिल्या, तो आता तोंड उघडून म्हणाला, "साणंमातीन गऊ." शिडी लावली, कुंडं सरकवलं, दोर बांधून आत उतरलो, खाल्लं, वर आलो, कुंडं परत ठेवलं. असं सगळं रंगवून सांगितलं. पण नाना काही साधे श्रोते नव्हते. त्यांना आबांनीच तयार केलं होतं. धाब्यावर चिखल असताना पावलं कशी नाहीत? पावसानं धुतली. दोर कशाला बांधला? तुळईला. तुळईवरची धूळ का पुसली गेली नाही? आबांनी पोटावरून हात फिरवला. वीस वर्षं ज्यांना प्रश्न विचारायला शिकवलं, तेच आता एकेक प्रश्न काढत होते.

शेवटी नाना उठले. "करीसन दखाड."

मी आबांच्या पोटाकडे पाहिलं, मग वर साण्याकडे. साणं केवढं असतं? एक परात बसेल एवढं. मी म्हणणार होते, आबा, नका. पण तोपर्यंत ते शिडीवर चढलेही होते. शेजारच्या धाब्यांवर माणसं उभी राहिली. आत देवाच्या खोलीत फक्त कुळातली माणसं जाऊ शकत, म्हणून नाना, मी आणि आणखी दोघे भाऊबंद आत जाऊन वर बघत उभे राहिलो. कुंडं सरकलं, उजेड आला, मग आबांचे पाय आले, मग धोतर आलं. मग काही आलं नाही.

पोट अडकलं होतं. कमरेखालचे आबा देवीच्या जागेवर लोंबकळत होते आणि कमरेवरचे आबा धाब्यावर गावाशी बोलत होते. वरून माती पडत होती. नाना खालून ओरडले, "हिलाल! आज मावत नई, मंग त्या दिन कसा मायना?"

वरून आबांचा आवाज आला, दम लागलेला, पण अगदी शांत. "नाना, त्या दिन मी रोट खायेल नव्हतू."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग शेजारच्या धाब्यावरून पहिलं हसू फुटलं आणि ते गल्लीभर पसरलं. नानांनी मिशी चावून धरली, पण तेही फुटले. हसता हसता त्यांनी आबांचे दोन्ही पाय आपल्या खांद्यावर घेतले आणि वर ढकलू लागले. धाब्यावर डोंगरसिंग काखेत हात घालून ओढत होता. त्यानं एकदा थांबून विचारलं, "आबा, वर काढू का खाली सोडू?" आबा म्हणाले, "आधी हसाले थांब, मंग ठराव." बाहेर गजराताईचं हसणं ऐकू येत होतं. सकाळपासून जी दारामागे उभी होती ती इतकी हसत होती, की बायका तिला धरून बसवत होत्या, आजच बाळंत होशील म्हणत होत्या.

आबा वर निघाले, सदऱ्यानिशी पोटाची सालटी निघाली. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. शपथेचं नाव कुणी काढलं नाही. हावरेपणाबद्दल भाऊबंदांनी आबांना दंड ठोठावला, पुढच्या वर्षी रोटांचे गहू त्यांनी स्वतः जात्यावर दळायचे. बाप्या माणसानं, सगळ्या बायकांसमोर. आणि आबांनी पुढच्या वर्षी ते दळलेही, ओव्या म्हणत.

त्या दिवशी दुपारी मोठ्या मायनं हळद घालून तेल गरम केलं आणि वाटी माझ्या हाती दिली. मी आबांच्या खाटेपाशी ठेवली. ती दाराआड उभी राहिली. "भाऊ," ती म्हणाली, "मन्हामुळे तुमनी इज्जत गई."

"इज्जत साणंमा अडकेल व्हती, डोंगरसिंगनी वढी काढी."

मोठी माय रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, पोरगी झोपेतसुद्धा रोट मागत होती. देवीही आईच आहे, ती समजून घेईल असं वाटलं. लपूनछपून परसात दिलं असतं तर ती चोरी झाली असती, म्हणून देवीसमोरच पाट मांडला, तिला पाहुणी म्हणून बसवलं. मग नानांनी विचारलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

आबांनी पोटाला तेल लावता लावता सांगितलं, "वहिनी, देव्हारापुढे पाट मांडा, काही हरकत नई. पन नंतर उचली लेवाना व्हता." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पोर तुम्ही एकलीनीच नई वाढाई. ती मन्ही बी पोर शे." मला माझ्या सासऱ्यांचा त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी भाकरी करपवली.

गजराताईला मुलगी झाली, ठणठणीत. दिवाळीनंतर शहाद्याहून नवीन पुस्तक आलं आणि ओट्यावर पुन्हा वाचन सुरू झालं. गावानं आबांना चिडवून घेतलं, मग सगळे कान देऊन बसले. त्या दिवशी मोठ्या मायनं धुणं आपटलं नाही. नातीला मांडीवर घेऊन ती दारात येऊन बसली, पहिल्यांदाच.

पुस्तकात मोठं घर होतं, तिजोरीची खोली बंद होती, आत मालकाचा खून झालेला. गुप्तहेरानं घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं. नोकर, भाचा, दिवाणजी आणि घरच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. आबा चढत्या आवाजात वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मी समोरच बसले होते, त्यांचे डोळे ओठांच्या पुढे गेलेले मला दिसले. आबा थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मोठी माय नातीला थोपटायची थांबली होती, तिचा पदर तिच्या मुठीत आवळलेला होता.

"मग गुप्तहेरानं सगळ्यांना रामराम केला," आबा म्हणाले, "आणि तो टांग्यात बसून निघून गेला. संपलं."

ओट्यावर गलका झाला. भटूनाना गुडघ्यावर उभे राहिले. "संपनं कसं? खून कोनी करा? हिलाल, पानं बाकी शेतस, माले दिखी ऱ्हायनात!"

"त्या जाहिराती शेतस," आबा म्हणाले. "शक्तीना औषधन्या."

नानांनी पुस्तकाला हात घातला. आणि ज्या माणसानं पुस्तकाला कधी पाय लागू दिला नव्हता, पान मुडपलं तरी ज्याचा जीव कळवळायचा, त्यानं ते पुस्तक खाली ठेवलं आणि तो त्यावर बसला. मांडी घालून, सगळ्या वजनानिशी.

नाना मिशीतल्या मिशीत पुटपुटत होते, गाव शिव्या घालत होतं. दारातून मोठ्या मायचा आवाज आला, तोच जुना, नदीवर जाऊन येणारा. "नाना, जाहिराती शेतस म्हनतस ना ते? मंग उठा आते. च्या ठेयेल शे."

सगळे उठले, चहा पिऊन आपापल्या घरी गेले. आबा मात्र ओटा रिकामा होईपर्यंत त्या पुस्तकावरून हलले नाहीत.